बोटीवर २ केव्हीएचा जनरेटर पुरे, पण ठेवणार कुठे?

छोटा फ्रिज, मिक्सर, चार एलईडी आणि मोबाइल चार्जर, एवढ्यासाठी ५ केव्हीएच्या जनरेटरचं धूड बोटीवर कशाला चढवताय? (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता मोजायचं माप.) फ्रिज चालताना १०० वॉटच्या आसपास खातो, फक्त कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. मिक्सर ७५० वॉटचा. तो फिरवताना फ्रिज बंद ठेवलात, तर २ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर (पेट्रोलवर चालणारा, इलेक्ट्रॉनिक्सने स्थिर वीज देणारा) आरामात पुरतो. वजन साधारण २० किलो, आवाजही कमी. इलेक्ट्रिक किटली मात्र विसरा, चहा थर्मासमधून न्या.

खरी गोम जागेची आहे. केबिनमध्ये किंवा ताडपत्रीखाली तो कधीही चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. उघड्यावर, अगदी मागच्या टोकाला, सायलेन्सर पाण्याकडे करून बांधा. आणि भरती-ओहोटीला नांगरलेली बोट फिरते, तेव्हा धूर आत वळतोय का ते बघत राहा. झोपताना बंदच.

पेट्रोल जेटीवरच भरा, इंजिन थंड असताना. त्याची वाफ हवेहून जड, ती बोटीच्या तळाशी साचते.

खाऱ्या वाऱ्याने माझ्या जनरेटरच्या स्टार्टरची स्प्रिंग एका हंगामात गंजली, दोरी ओढली तर परत आत जाईना. तेव्हापासून घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसतो.