शब्दचर्चा : उरुशीला 'लाखकाम' म्हणावं का?

पाटीलेखक : जपानमध्ये नोतो द्वीपकल्पावर वाजिमा नावाचं गाव आहे. तिथे इशिकावा प्रांताचं उरुशीकला संग्रहालय आहे. १९९१ साली सुरू झालेलं हे संग्रहालय फक्त उरुशीकामालाच, म्हणजे लाकडी भांड्यांवर उरुशीचे चकचकीत थर चढवण्याच्या कलेलाच, वाहिलेलं आहे. तिथल्या वस्तूंवर मराठी टिपण लिहिताना मी हे प्रतिशब्द योजले आहेत : उरुशी = लाख, उरुशीकाम = लाखकाम, माकिए = सोनेरी नक्षी, चिन्किन = सोनेरी कोरीवकाम. चालतील का?

तळकोकणी : शेवटचे दोन ढोबळ आहेत, पण निदान दिशा बरोबर आहे. पहिले दोन मात्र चुकीचे. लाख किड्याची, उरुशी झाडाची. लाखेचे किडे फांदीवर जो राळेसारखा थर करतात तो खरवडून, वितळवून, गाळून लाख मिळते. उरुशी हा त्याच नावाच्या झाडाच्या सालीला चिरा दिल्यावर पाझरणारा चीक.

दोन्हींची वागणूकही उलटी आहे. लाख तापवली की मऊ होते आणि गार झाली की कडक. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना चढते ती ही. चरकावर लाकूड फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते. पुन्हा तापवाल तर पुन्हा मऊ पडेल. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात, म्हणजे ती स्पिरिटला दाद देते. पक्क्या झालेल्या उरुशीवर स्पिरिटचा परिणाम होत नाही आणि ती तापवून वितळतही नाही. म्हणून तर जपानी माणूस तिच्या वाटीत उकळतं सूप ओततो. 'लाखेची वाटी' असं वाचल्यावर मराठी वाचकाच्या मनात येईल की गरम आमटी ओतली तर काय होईल?

मोडीवाचक : तळकोकणींशी सहमत. पण गंमत अशी की इंग्रजी 'लॅकर' शब्दाचं मूळ आपल्या 'लाखे'तच आहे. संस्कृत लाक्षा, त्यावरून लाख, मग अरबी-फारसी-पोर्तुगीज वाटेने युरोपात. पोर्तुगीज व्यापाऱ्यांना भारतातली लाख आधीपासून ठाऊक होती. जपानची चकचकीत काळी भांडी पाहिल्यावर त्यांनी तोच शब्द त्यांनाही लावला. आता आपण इंग्रजीतून 'लॅकर' वाचतो आणि परत 'लाख' असा अनुवाद करतो. शब्द घरी येतो, पण भलत्याच वस्तूला घेऊन.

पाटीलेखक : मग 'रोगण'?

मोडीवाचक : रोगण शब्द फारशी, मूळ अर्थ तेल. मराठीत तो वॉर्निशसारख्या कुठल्याही चकाकीला चालतो. लाखेपेक्षा बरा, कारण निदान चुकीचा पदार्थ सांगत नाही. पण वाजिमाच्या बाबतीत तोही अपुरा. रोगण म्हणजे वरचा हात. इथे खरं काम खालच्या थरांत आहे.

बिब्बा : उरुशी तशीच ठेवा आणि एकदा कंसात 'झाडाचा चीक' असं लिहा. मराठी माणसाला हा चीक ओळखीचा आहे. उरुशीचं झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उततो तशीच उरुशीही उतते. तिच्यातलं उरुशिओल नावाचं रसायन बिब्ब्याच्या तेलातल्या रसायनाचं जवळचं नातेवाईक आहे. पूर्वी परीट बिब्ब्याने कपड्यांवर न पुसणारी खूण करायचे, ती काळी खूण आठवा. जपानी लोक उरुशी अंगावर उतण्याला 'काबुरे' म्हणतात. नवशिक्या कारागिराच्या मनगटावर फोड येणं तिथे नेहमीचंच. पक्क्या झालेल्या वस्तूने सहसा काही होत नाही, त्रास ओल्या चिकाचा.

अजून एक. जपानात उरुशीला स्वस्त पर्याय म्हणून जे रोगण मिळतं ते काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनतं आणि त्याला 'काशू' असंच म्हणतात. दुकानात 'काशू' लिहिलेली वाटी दिसली तर ती उरुशीची नाही. काम देखणं असू शकतं, पण किंमत उरुशीची देऊ नका.

पाटीलेखक : छान. आता एक वाक्य तपासा : 'उरुशीचा प्रत्येक थर वाळवून मग पुढचा देतात.' बरोबर?

तळकोकणी : 'वाळवून' काढा. ती वाळत नाही. कच्च्या चिकात सुमारे ६० ते ६५ टक्के उरुशिओल असतं, बाकी पाणी, डिंक आणि एक विकर (एन्झाइम). १८८३ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ हिकोरोकुरो योशिदा यांनी दाखवून दिलं की हे विकरच चीक घट्ट करतं. पुढे त्याला 'लॅकेज' नाव पडलं, म्हणजे तिथेही लाख घुसलीच! या विकराला हवेतला प्राणवायू लागतो आणि ओलावाही. म्हणून वस्तू उन्हात न ठेवता 'फुरो' नावाच्या दमट कपाटात ठेवतात. तपमान साधारण २० ते २५ अंश, आर्द्रता ७० ते ८० टक्के. आपले पापड ज्या हवेत सादळतात त्या हवेत उरुशी पक्की होते.

बिब्बा : मग क्रियापद कोणतं? 'आळते' म्हणावं तर खीर आळते ती आटून. 'गोठते' म्हटलं की थंडी आठवते. 'साकळते' रक्ताला.

मोडीवाचक : मला 'दही लागतं' हे सगळ्यात जवळचं वाटतं. विरजण, ऊब, वेळ, आणि मध्ये हलवायचं नाही. पण 'उरुशी लागते' म्हटलं की पुन्हा खाज आठवेल. तेव्हा 'पक्की होते'.

तळकोकणी : 'पक्की होते' ठीक. त्याच्यासोबत काय बिघडतं तेही लिहा, म्हणजे वाचकाला समोरची वस्तू पाहताना उपयोग होईल. हात जाड दिला किंवा ओलावा फार ठेवला की वरची साय आधी धरते, आतला चीक ओलाच राहतो आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. दुधावरच्या सायीसारख्याच. फार लवकर पक्की झालेली उरुशी रंगाने गडद होते, त्यामुळे लाल रंगाची वाटी तपकिरीकडे झुकते. ओलावा कमी पडला तर दिवसेंदिवस चिकटच राहते. शेवटचा हात खाली ओघळू नये म्हणून वस्तू कपाटात फिरती ठेवतात.

पाटीलेखक : 'खालच्या थरांत खरं काम' म्हणालात ते कसं मांडू?

तळकोकणी : इथे मराठी रंगाऱ्याचे शब्द वापरा, परके शोधू नका. वाटी सहसा केयाकी या जपानी झाडाच्या लाकडाची. आधी सांध्यातल्या नि चिरांतल्या खाचा उरुशीच्या लांबीने (पुटीने) भरतात. मग काठ आणि बुडाची कड, म्हणजे जिथे ठेच लागते तिथे, उरुशी आणि भाताची खळ यांच्या मिश्रणाने कापड चिकटवतात. त्याला नुनोकिसे म्हणतात. त्यावर अस्तराचे तीन हात. या अस्तरात 'जिनोको' असते : वाजिमाच्या कोमिनेयामा टेकडीची माती भाजून दळलेली पूड. ती सूक्ष्म शैवालाच्या सांगाड्यांची आहे, म्हणजे कणाकणात पोकळ्या. त्यांत उरुशी शिरते आणि थर कठीण होतो. पहिल्या हाताला जाड पूड, दुसऱ्याला बारीक, तिसऱ्याला आणखी बारीक. मग दगडाने पाणी घालून घासणं, मधला हात, शेवटचा हात. एकूण पायऱ्या शंभरावर जातात.

बाहेरून पाहणाऱ्याला फक्त शेवटचा हात दिसतो. म्हणून अशा संग्रहालयात अर्धवट अवस्थेतल्या वाट्या ओळीने मांडलेल्या दिसल्या तर तिथे जास्त वेळ थांबावं. सोन्याच्या पेटीपुढे गर्दी आपोआप होतेच.

मोडीवाचक : माकिएला 'सोनेरी नक्षी' म्हणू नका, सोन्याच्या रंगाने रंगवलंय असं वाटेल. 'माकु' म्हणजे पेरणं, 'ए' म्हणजे चित्र. शेतात बी पेरतात तेच क्रियापद. तेव्हा 'सोनं पेरून काढलेलं चित्र'. 'पेरचित्र' असा शब्दही सुचवतो, रुळला तर रुळला.

बिब्बा : 'भुरभुरणे' जास्त खरं नाही का? रांगोळी भुरभुरतात तशी?

मोडीवाचक : क्रिया भुरभुरण्याचीच, मान्य. पण रांगोळी सुट्या जमिनीवर राहते. इथे आधी उरुशीने रेघ काढलेली असते आणि ती अर्धवट पक्की असतानाच पूड टाकायची असते. एका टोकाला रेशीम ताणलेली बारीक नळी घेऊन बोटाने टिचकी मारत. रेघ फार ओली असेल तर सोनं आत बुडून निस्तेज होतं, फार पक्की असेल तर धरतच नाही. वाफसा बघून पेरणारा शेतकरी हे लगेच समजेल, म्हणून मी 'पेरणे'वर ठाम आहे.

बिब्बा : वाफशापुढे माझं काही चालत नाही. मान्य.

पाटीलेखक : आणि चिन्किन? दोन्हीही काळ्यावर सोनं, काचेपलीकडून ओळखायचं कसं?

तळकोकणी : 'चिन्' म्हणजे बुडणं, 'किन्' म्हणजे सोनं. पूर्ण झालेल्या पृष्ठभागावर टोकदार छिन्नीने रेघ कोरतात, रेघेत उरुशी चोळतात, वरची अगदी स्वच्छ पुसून काढतात आणि मग सोन्याचा वर्ख किंवा पूड दाबतात. पुसण्यात हयगय झाली की सोनं रेघेबाहेर धरतं आणि काळ्यावर मळकट धुकं दिसतं. कोरायला जाड थर हवा, म्हणून हे काम वाजिमात फोफावलं. मराठीत 'कोरून भरलेलं सोनं' म्हणा.

ओळखायला गुडघ्यात वाका आणि दिव्याचं प्रतिबिंब पृष्ठभागावरून सरकू द्या. माकिएची रेघ किंचित उठलेली आणि कडेला कणीदार दिसेल. चिन्किनची रेघ आत गेलेली, धारदार, टोकाला निमुळती. प्रतिबिंब कुठेच अडखळलं नाही तर ते 'तोगिदाशी' : सोनं पेरून त्यावर पुन्हा उरुशी देऊन कोळशाने घासत घासत चित्र वर आणलेलं. थोडं जास्त घासलं की सोनंच जातं. समोरून सरळ पाहिलं तर तिन्ही सारखीच.

दालनात उजेड कमी का, हाही प्रश्न येईल. आम्ल, स्पिरिट पचवणारी उरुशी अतिनील किरणांपुढे हरते. आधी चकाकी जाते, मग बारीक भेगा.

पाटीलेखक : एका वाटीची पाटी अशी लिहिली आहे : 'वाटी. केयाकी लाकूड, उरुशी (झाडाचा चीक); सोनं पेरून काढलेलं चित्र (माकिए).'

तळकोकणी : लाकडानंतर 'कापड' घाला.