लिनक्स ड्रायव्हरचा प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर ते सुरू करणारं फंक्शन) एकदा फसला की पुढच्या वेळी उणे १६ हा एरर. रिव्ह्यूत नक्की बघायचं काय?

तासगाव_बोर्ड:
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधल्या तापमान-आर्द्रतेच्या बोर्डाचा आय-टू-सी (चिपशी दोन तारांवर बोलणारी बस) ड्रायव्हर रिव्ह्यूला आलाय. लिनक्स ६.६. प्रोबमधला क्रम असा: केझेडॲलॉक (मेमरी घेणं), रेग्युलेटर (चिपचा वीजपुरवठा) चालू, रिक्वेस्ट-आयआरक्यू (इंटरप्ट मागणं), चिपचा आयडी वाचणं, शेवटी मिस्क-रजिस्टर (यूजरला उघडता येईल अशी डिव्हाइस फाइल). सप्लाय स्थिरावायला उशीर झाला की आयडी वाचताना उणे ६ (डिव्हाइस उत्तर देत नाही) येतो. मॉड्यूल काढून परत घातलं की रिक्वेस्ट-आयआरक्यू उणे १६ देतो. एकदा तर काढल्याकाढल्या कर्नल ऊप्स (कर्नलच्या आतला क्रॅश). रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) फ्री-आयआरक्यू (इंटरप्ट सोडणं) आहे. मग चुकतंय कुठं? सगळं डेव्हएमवर (घेतलेलं आपोआप सोडणाऱ्या फंक्शनांवर) नेलं तर सुटेल का?

कृष्णाकाठ:
रिमूव्ह बघत बसू नका, ते इथं चालतच नाही. प्रोबनं एरर दिला म्हणजे कर्नलच्या लेखी ड्रायव्हर त्या डिव्हाइसला जोडलाच गेला नाही. इन्समॉड (मॉड्यूल घालणं) मात्र बिनतक्रार पार पडतं, म्हणून फसगत होते. आयडी वाचून थेट 'रिटर्न रेट' (एररचा आकडा देऊन बाहेर) केलं असणार. इंटरप्टची नोंद तशीच राहिली, शेअर्ड नसल्यानं पुढच्या मागणीला 'बिझी', म्हणजे उणे १६. ऊप्सचं कारणही तेच. मॉड्यूलचा कोड मेमरीतून गेला, हँडलरचा पत्ता तिथंच. पुढचा इंटरप्ट आला की उडी मोकळ्या जागेत.

रिव्ह्यू करताना प्रत्येक रिटर्नपाशी थांबून विचारा: या क्षणी हातात काय काय आहे? आयडीच्या ओळीवर तीन गोष्टी आहेत: मेमरी, चालू रेग्युलेटर, इंटरप्ट. एरर आल्यावर जिथं उडी मारायची ती गोटूची लेबलं बरोबर उलट्या क्रमानं हवीत: फ्री-आयआरक्यू, रेग्युलेटर बंद, केफ्री (मेमरी सोडणं). लेबलाला 'एर१', 'एर२' अशी नावं असतील तर पॅच परत पाठवा. मध्ये एक पायरी वाढली की आकडे हमखास चुकतात. लेबल जे करतं तेच त्याचं नाव.

उणे ६ चं मूळ वेगळं आहे. डिव्हाइस ट्रीत (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलीत) रेग्युलेटरला स्टार्टअप-डिले-यूएस (चालू केल्यावर किती थांबायचं) द्या, किती ते डेटाशीटमध्ये बघून.

मिरज_जंक्शन:
डेव्हएमनं वरची गळती थांबेल, कारण प्रोब फसला तरी ते सगळं उलट्या क्रमानं सोडतं. पण अर्धं डेव्हएम, अर्धं हातानं, हे सगळ्यात वाईट. डेव्हएमचा इंटरप्ट रिमूव्ह संपल्यावर सुटतो. रिमूव्हमध्ये तुम्ही बफर केफ्री केलात आणि तेवढ्यात इंटरप्ट आला, तर हँडलर सोडलेल्या मेमरीत लिहिणार. रेग्युलेटर बंद करणंही डेव्हएम-ॲड-ॲक्शन-ऑर-रिसेटनं त्याच साखळीत बसवा.

मिस्क डिव्हाइस असल्यानं आणखी एक खड्डा आहे. कुणी फाइल उघडून बसलंय आणि सिसएफएसमधून (/sys) अनबाइंड केलं, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवला, तर डेव्हएमची मेमरी लगेच सुटते. फाइल उघडीच, पुढचा रीड थेट सोडलेल्या जागेत. फाइल-ऑपरेशन्समध्ये 'ओनर' भरलात तर आरएममॉड (मॉड्यूल काढणं) अडतं, अनबाइंड अडत नाही. तेवढ्या स्ट्रक्चरला केरेफ (किती जण वापरतात त्याची मोजणी) ठेवा आणि शेवटच्या क्लोजला सोडा.

तासगाव_बोर्ड:
बरोबर, थेट रिटर्नच होतं. पण या एररच्या वाटा मुद्दाम चालवून कशा बघायच्या? बोर्ड दर वेळी फसत नाही.

कृष्णाकाठ:
फॉल्ट इंजेक्शन आणि फेलस्लॅब (मेमरीच्या मागण्या मुद्दाम फसवणारं) चालू करून कर्नल बांधा, केमेमलीक (मेमरीची गळती शोधणारं) आणि केसॅनसह (सोडलेल्या मेमरीचा वापर पकडणारं). फेलस्लॅबमध्ये इग्नोर-जीएफपी-वेट हे सेटिंग मुळात 'वाय' असतं. ते 'एन' केलं नाही तर जीएफपी-कर्नलच्या (वाट बघू शकणाऱ्या, नेहमीच्या) मेमरी-मागण्या कधीच फसत नाहीत, आणि माणूस म्हणतो ड्रायव्हर एकदम झकास! मग छोट्या सी प्रोग्रॅममधून प्रॉकमधल्या (/proc) फेल-एनथ फाइलीत (कितवी मागणी फसवायची ते सांगणाऱ्या) १ लिहा आणि त्याच थ्रेडमधून ड्रायव्हरच्या बाइंड फाइलीत डिव्हाइसचं नाव. पुढच्या खेपेला २, मग ३. लिहून झाल्यावर फेल-एनथ वाचायची. शून्य म्हणजे फॉल्ट बसला, धन आकडा आला की मागण्या संपल्या, थांबा. बाइंड लागलं असेल तर दर खेपेला अनबाइंड, मग केमेमलीकचा स्कॅन, तोही दोनदा. पहिल्यात खोटी नोंद येऊ शकते.

आयडी वाचणं मात्र यानं हमखास फसेल असं नाही. त्यासाठी डिव्हाइस ट्रीत चुकीचा पत्ता द्या. चिप उत्तरच देणार नाही, वाट चालून होईल.