शब्दचर्चा : 'इरेज' म्हणजे पुसणे, मग 'स्क्रब'ला काय लिहायचं?

जळगाववाला :
ठिबकच्या कंट्रोलरची सर्व्हिस पुस्तिका मराठीत करतोय, रावेर-यावलकडं केळीच्या बागांत फिरणाऱ्या पोरांसाठी. बोर्डावर यू-बूट आहे (मशीन चालू होताच लिनक्स उचलून देणारा छोटा प्रोग्राम), त्यात यूबीआय (फ्लॅश चिपचे ब्लॉक सांभाळणारा थर) न् यूबीआयएफएस (त्याच्यावर चालणारी फाइल सिस्टीम) कॉन्फिगमधून कसं चालू करायचं, एमटीडीपार्ट्सनं फ्लॅशचे भाग कसे सांगायचे, मग यूबीआय पार्ट, यूबीआयएफएसमाउंट, यूबीआयएफएसलोड या कमांड, एवढं लिहून झालं. गाडी अडलीय 'नँड इरेज' आणि 'नँड स्क्रब' या कमांडवर (नँड म्हणजे बोर्डावरची फ्लॅश चिप), साहेब म्हणतात दोन्हीला 'पुसणे' लिहून मोकळा हो.

धुळेकर :
मोकळा नका होऊ भो. नँडची चिप नवी असतानाच तिच्यात काही ब्लॉक खराब असू शकतात, कारखान्यात त्यांच्यावर खूण केलेली असते, साधं इरेज ती खूण बघून तो ब्लॉक सोडून देतं, पण स्क्रब खुणेसकट सगळं उडवतं आणि ती खूण परत मिळवायचा भरवशाचा मार्ग नाही. यू-बूट तसं बजावतं, खरंच करू का विचारतं, पण शेतात उभं राहून ते इंग्रजी कोण वाचतं, वाय दाबलं की संपलं. स्क्रबला 'खरवडणे' लिहा, ऐकूनच माणूस जरा थांबतो.

शिरपूरवाली :
खरवडणे मस्त. पण दादा, इरेजला 'पुसणे' मला खटकतं, पुसणे म्हटलं की एखादी फाइल काढून टाकली असं वाटतं. इथं अख्खा ब्लॉक जातो, बऱ्याच नँडमध्ये १२८ केबीचा, त्यातले सगळे बिट १ होतात, वाचला तर नुसतं एफएफ एफएफ. लिहिताना १ चा ० होतो, ० चा १ करायला मात्र पूर्ण ब्लॉकच घ्यावा लागतो. म्हणून 'कोरा करणे'.

भुसावळवाला :
कोरा करणेला माझंपण मत. आणि एकाच ब्लॉकवर सारखं लिहून तो झिजू नये म्हणून जागा बदलत राहतात, त्या वेअर लेव्हलिंगला 'फेरपालट' लिहा ना, शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळेल.

धुळेकर :
उलटं होतंय भाऊ. फेरपालटात जमीन तीच राहते, पीक बदलतं, इथं डेटा तोच आणि जागा बदलते. सरळ 'झीज वाटून देणे' लिहा. कुठला ब्लॉक किती वेळा कोरा झाला ते यूबीआय त्या ब्लॉकच्याच हेडरमध्ये (सुरुवातीच्या नोंदीत) लिहून ठेवतं, नँड इरेज मारलं की तो आकडा पण जातो. लिनक्समधून यूबीआयफॉरमॅट केलं तर आकडे टिकतात, हे पण पुस्तिकेत टाका, शब्दापेक्षा जास्त कामाचं आहे.

जळगाववाला :
टाकतो. आणि 'फाइल सिस्टीम सपोर्ट'ला काय, 'आधार'?

शिरपूरवाली :
आधार लिहाल तर पोरं कार्ड मागायला येतील. तसाही सपोर्ट हा शब्द इथं जरा फुगवलेलाच आहे, यू-बूटला यूबीआयएफएस नुसतं वाचता येतं, त्यात फाइल लिहिता येत नाही. सपोर्ट वाचून एखादा तिथूनच सेटिंगची फाइल बदलायला जाईल. 'यू-बूटला यूबीआयएफएस वाचता येतं, लिहिता येत नाही', एवढं पूर्ण वाक्यच लिहा.

जळगाववाला :
बरं ताई, वाक्यच लिहितो. माउंटला माउंटच ठेवतो, त्याला कोणी हात लावू नका. आणि 'खरवडणे'वाली कमांड मी पुस्तिकेतून काढूनच टाकतोय, पोरांना तिचं काही कामच नाही.

धुळेकर :
काढा, पण नाव तरी राहू द्या, 'ही वापरू नये' म्हणून. नाहीतर नेटवर बघून मारतीलच.