मदत हवी आहे: मे महिन्यात स्वित्झर्लंड, पास कोणता घ्यायचा? (घाई आहे)

विश्रामबागकर
घरच्यांना घेऊन मे महिन्यात स्वित्झर्लंडला जातोय. हिरवी कुरणं, गळ्यात घंटा घातलेल्या गाई, तेच सगळं बघायचंय. मुंबई-झुरिक तिकिटं काढून झालीत. स्विस ट्रॅव्हल पास घ्यायचा की हाफ फेअर कार्ड (अर्ध्या तिकिटाचं), एवढंच सांगा. सांगलीतले दोन एजंट दोन तऱ्हा सांगतात. आज रात्रीच बुक करायचंय.

अजिंक्यतारा
किती जण? मुलांची वयं? मुक्काम एकाच गावात की फिरता? पेशंट न बघता गोळी कशी लिहून देणार?

मिरज जंक्शन
सरळ पास घ्या हो. रेल्वे, पिवळी बस, बोट, शहरातली ट्राम, संग्रहालयं, सगळं त्यात येतं. रिगीचा डोंगरसुद्धा. सोबत म्हातारं माणूस असेल तर दर वेळी तिकिटाची भानगड नको.

अजिंक्यतारा
रोज गाव बदलणार असाल तर पास बरा. एकाच खोऱ्यात आठवडा काढणार असाल तर तोट्याचा सौदा. युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच रेल्वे स्टेशनला जाताना पास वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्ड या खालच्या गावांपर्यंतच चालतो, तिथून वर फक्त २५ टक्के सूट. हाफ फेअरवर तिथेही निम्मं तिकीट, आणि खिशाला खरी चाट तिथेच बसते. शिवाय हाफ फेअर महिनाभर चालतं. पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा.

विश्रामबागकर
सहा जण. मी, बायको, आई (६९, गुडघे धरतात), मुलगी ३ वर्षांची, मुलगा ९, बहिणीचा मुलगा १३. लाउटरब्रुनेन गावी सात रात्री, किचनवालं घर. १० मे, रविवारी सकाळी झुरिकला उतरतो. आता तरी सांगा.

खटावचा गडी
एवढा पैसा घालण्यापेक्षा कास पठार काय वाईट? साताऱ्यातून तासाभरात पोचता.

अजिंक्यतारा
मे महिन्यात कासला वाळलेलं गवत आणि कातळ बघायचा का? फुलं ऑगस्टअखेरीपासून. धागा भरकटवू नका.

विश्रामबागकर, गोम बहिणीच्या मुलात आहे. स्विस फॅमिली कार्डावर ६ ते १५ वर्षांची मुलं फुकट फिरतात, पण आई किंवा बाप सोबत असेल तरच. मामा चालत नाही. म्हणून तुम्हा मोठ्या तिघांना हाफ फेअर, मुलग्याला फॅमिली कार्ड (पैसे लागत नाहीत, पण बुक करताना मागून घ्यावं लागतं), मुलगी सहाच्या आतली म्हणून फुकट आणि भाच्याला अर्धं तिकीट. त्याला वेगळं हाफ फेअर काढू नका, सोळाच्या आतल्यांना तसंही अर्धंच पडतं.

कृष्णाकाठ
पासचं राहू द्या, व्हिसा झाला का?

विश्रामबागकर
नाही अजून. मी पासचं विचारलंय.

कृष्णाकाठ
मग आज रात्री पास काढूच नका. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा, स्वित्झर्लंडलाही तोच) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही. मुंबईला जायची गरज नाही, पुण्यातही केंद्र आहे. विमा किमान ३०,००० युरोचा, सहाही जणांचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५, त्याखाली माफ. भाचा तेरा वर्षांचा, म्हणजे पूर्ण फी आणि बोटांचे ठसेही. त्याला केंद्रावर न्यावंच लागेल. त्याच्या आईवडिलांचं संमतीपत्र नोटरी करून, दोघांच्याही सह्यांनिशी. एकाच सहीवर अर्ज अडकतो.

मिरज जंक्शन
म्हणूनच म्हणतो, ऑस्ट्रिया करा. तिथल्या त्सेल आम झे गावी राहणं-खाणं स्वस्त पडतं.

कृष्णाकाठ
तिकीट झुरिकचं, घर लाउटरब्रुनेनचं. जास्त रात्री ज्या देशात, व्हिसा त्याच देशाचा. आता कुठे ऑस्ट्रिया काढता?

डोंगरवेडी
मे म्हणून एक सांगते. खोरं हिरवंगार असेल, वर बर्फ असेल. शिनिगे प्लाटेची दातेरी रेल्वे साधारण जूनच्या मध्यावर सुरू होते. मेनलिखेन ते क्लाइने शाइडेग ही डोंगरावरची पायवाट मे महिन्यात बर्फाखाली धरून चाला. गाईसुद्धा उंचावरच्या कुरणांत बहुतेक जूनमध्येच चढवतात, तोवर खालीच दिसतील. पण बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे याच दिवसांत भरतात. श्टाउबाख २९७ मीटरचा, गावातूनच दिसतो.

आईंसाठी लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबेर्ग रस्ता जवळजवळ सपाट आहे आणि त्याच वाटेवर पिवळी बस आहे. दमल्या की पुढच्या थांब्यावर बसवायचं. मध्ये लागणारा ट्रुमेलबाख धबधबा डोंगराच्या पोटात आहे. आत लिफ्ट आहे, पण पुढे ओल्या पायऱ्या, आणि चार वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. म्हणजे आई आणि लहानगी बाहेर, बाकीचे आत.

युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे. तिकीट आधी काढू नका. सकाळी वेबकॅम बघा, ढग असले तर बेत दुसऱ्या दिवशी. वर घाईने चालू नका, पाणी पीत राहा, डोकं दुखून मळमळायला लागलं तर पुढच्याच गाडीने खाली या.

हळदवाला
खायचं काय नेताय? भडंग, चटण्या, तासगावचे बेदाणे बिनधास्त न्या. साताऱ्याचे कंदी पेढे आणि तूप नाही, दुधाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. हापूसची पेटीही नाही, ताज्या फळाला रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. शेगडी बहुतेक इंडक्शन असते, ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणार नाही. तळाला चुंबक लावून बघा, चिकटला तर न्या. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, दूध-भाजी झुरिक विमानतळावरच घेऊन निघा. सॉकेट टाइप जे, खोलगट असतो. जाडजूड युरोपियन ॲडाप्टर आत बसत नाही, स्विसचाच घ्या. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर तसाच लागतो.

विश्रामबागकर
बरं, पास थांबवतो. भाच्याची आई कोल्हापुरात, वडील दुबईला. सही कशी घेऊ?

कृष्णाकाठ
वडिलांनी तिथल्या भारतीय वकिलातीकडून सही साक्षांकित करून घ्यावी आणि मूळ कागद कुरिअरने पाठवावा. सोबत पासपोर्टची प्रत. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर भागवू नका. अपॉइंटमेंट मात्र कागदाची वाट न बघता आजच घ्या.

खटावचा गडी
भडंग कुठल्या दुकानातून घेताय?