उलाढाल म्हणजे उत्पादकता नव्हे
इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारामागची वार्षिक उलाढाल शिरोलीच्या फौंड्रीतील (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातील) कामगारापेक्षा कमी दिसते, म्हणून तो कमी कार्यक्षम, हा यंत्रमाग, फौंड्री आणि साखर कारखाना यांच्या दर कामगारामागच्या उलाढालीची तुलना करून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. खर्चीवाल्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या, कारखान्यात सूत व्यापाऱ्याचे असते आणि मालकाच्या हिशेबात फक्त विणाईची मजुरी येते. मालक स्वतः सूत घेऊ लागला, की तितकेच मीटर कापड विणणारा तोच कामगार उलाढालीच्या आकड्यात एकाएकी ‘कार्यक्षम’ ठरतो. शिवाय साध्या मागावर धोट्यातली (आडवा धागा नेणाऱ्या साधनातली) सुताची कांडी संपली की ती बदलायला त्यालाच धावावे लागते. धोटाविरहित मागावर ते काम उरतच नाही. साखर कारखान्याचा आकडा तर गाळप हंगामाचा की वर्षाचा, हे आधी सांगावे.