फूसूने त्या पत्राची खात्री का करून घेतली नाही?

मांडवीकर (बडोदा):
नमस्कार मंडळी, महिनाभर चीनच्या जुन्या राजघराण्यांचं वाचतोय आणि एका जागी अडकलोय. पहिला सम्राट छिन शी हुआंग इ.स.पू. २१० मध्ये दौऱ्यावर असतानाच वारला. मरायच्या आधी थोरल्या मुलाला, फूसूला, पत्र लिहिलं होतं की राजधानीत ये आणि माझं अंत्यकर्म कर. पत्रावर शिक्का बसला, पण ते दूताच्या हातात पडायच्या आत सम्राट गेला आणि पत्र राहिलं शिक्के सांभाळणाऱ्या दरबारी झाओ गाओकडे. त्याने आणि प्रधान ली सीने ते दाबलं, धाकट्या हूहायला पुढे केलं आणि फूसूला 'जीव दे' असं खोटं फर्मान धाडलं. फूसू तेव्हा उत्तर सीमेवर सेनापती मेंग तियानसोबत, ३ लाख फौज हाताशी, तरी त्याने जीव दिला! एक घोडेस्वार पाठवून विचारायला काय हरकत होती? फार जिवाला लागलंय हे.

सूरसागरकाठ:
दादा, मेंग तियान हेच म्हणाला होता त्याला, की एक दूत आला म्हणून लगेच मरायचं कशाला, आधी विचारून घे. फूसू म्हणाला बापाने मुलाला मर म्हटल्यावर परत काय विचारायचं. लोक त्याला भोळा म्हणतात, मला नाही पटत. विद्वानांना दिलेल्या शिक्षेवरून तो बापाला उलट बोलला होता आणि म्हणूनच त्याला सीमेवर धाडलेलं, त्यामुळे रागावलेल्या बापाचं असं पत्र येणं त्याला खरंच वाटलं असणार. शिवाय बाप मेलाय हे त्याला माहीतच नव्हतं. ती बातमी हूहाय, झाओ गाओ, ली सी आणि पाच-सहा नोकर एवढ्यांनाच ठाऊक, बंद गाडीत प्रेत आणि रोजचं जेवण आत जातंय, उन्हाळ्यात वास सुटला तेव्हा बरोबरच्या गाड्यांवर मासळी लादली.
मला राग येतो तो ली सीचा. फूसू आला तर प्रधानपद मेंग तियानला जाईल, एवढ्या भीतीपोटी तो फितला, आणि दोन वर्षांत झाओ गाओनेच त्याला मारवलं.

दांडियाबाजार:
पण मुळात युवराज जाहीरच केला नव्हता ना, सगळं तिथेच बिघडलं.

सूरसागरकाठ:
जाहीर करून तरी काय होतं ताई? पुढच्या हान घराण्याचा पहिला सम्राट लिउ बांग, त्याने युवराज नेमला होता की. मग लाडक्या राणीच्या, छीच्या, मुलासाठी त्याला बदलायला निघाला. पट्टराणी ल्यूने चार म्हाताऱ्या विद्वानांना युवराजाच्या मागे आणून उभं केलं, जे खुद्द लिउ बांगने बोलावूनही कधी आले नव्हते, तेव्हा कुठे तो थांबला. इ.स.पू. १९५ ला तो गेल्यावर ल्यूने त्या सवतीच्या मुलाला विष दिलं आणि छीचे हातपाय तोडले. तिचा स्वतःचा मुलगा, म्हणजे तोच युवराज, आता सम्राट झालेला, ते बघून आजारी पडला, पुन्हा कारभारात त्याचं मन लागलं नाही, आणि १८० पर्यंत राज्य खरं तर तिनेच केलं.

जुनाबडोदेकर:
उशिरा लिहितोय. ल्यू गेल्यावर दरबाऱ्यांनी तिच्या माहेरची माणसं कापली आणि मग नवा सम्राट शोधताना आधी बघितलं काय, तर आजोळ! छी नावाच्या प्रांताचा राजा (त्या राणी छीशी संबंध नाही) लिउ बांगच्या नातवंडांत थोरला, पण त्याचा मामा दांडगा म्हणून तो बाद. दूर दाई प्रांतातला लिउ बांगचा मुलगा लिउ हंग निवडला कारण त्याच्या आईकडची माणसं साधी, आणि तोच पुढे सम्राट वन म्हणून चांगला निघाला. हे वाचलं की मला आपले सयाजीराव आठवतात. १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढल्यावर जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या शेतकरी घरातला १२ वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला, तेच सयाजीराव. फरक आहेच, इथे शेवटचा शब्द इंग्रजांचा होता, तिथे प्रधान आणि सेनापतींचा. पण दोन्हीकडे लांबचा मुलगा आणला आणि रयतेचं भलं झालं.

मांडवीकर:
काका, आजोळाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता कळतंय की फूसूकडे फौज होती पण राजधानी शियानयांगमध्ये त्याच्या आजोळच्या कुणाचं नाव कुठे येत नाही, मग त्याने विचारायला तरी कुणाकडे पाठवायचं होतं?