मदत हवी आहे: वादळानंतर गावाच्या कामांना निधी कुठून मिळतो?

नमस्कार मंडळी, निफाड तालुक्यातून लिहितोय. परवाच्या वादळात द्राक्षाचा मांडव झोपला. अँगल वाकले, तारांसकट ओलांडे (वेलींच्या आडव्या फांद्या) मातीत. तलाठी, कृषी सहायक पंचनामा करून गेले. ती मदत ठाऊक आहे: केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकाला हेक्टरी 22,500 रुपये होते, तेही 2 हेक्टरपर्यंतच. एवढ्यात नवे अँगलसुद्धा येत नाहीत, पण असो.

प्रश्न गावाचा आहे. शाळेचे पत्रे उडालेत, पाणीयोजनेच्या पंपघराची भिंत खचलीय. 15 व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्य आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीतला 30 टक्के वाटा पुनर्बांधणीसाठी ठेवला होता. त्यातून कुणाच्या ग्रामपंचायतीने काम करून घेतलंय का? ग्रामसभेचा ठराव थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे द्यायचा की पंचायत समितीमार्फत? अंदाजपत्रक कोणत्या अभियंत्याचं चालतं? एका कार्यालयात विचारलं, तर "पंचनामा झाला ना, मग झालं की" एवढंच ऐकवलं.

सरपंच नवीन आहेत, धावपळ करायची तयारी आहे, वाट माहीत नाही. कुणाकडे ठरावाचा नमुना असेल तर इथेच टाका. चांदवड-दिंडोरीकडच्यांचा अनुभवही चालेल.